पेशंट नंबर सात, वय तीन महिने

मी पहिल्यांदा गच्चीवर गेले तेव्हा टोमॅटोच्या झाडाचं वजन चालू होतं.

झाड पिशवीसकट काट्यावर उभं होतं. काटा दवाखान्यातला, पूर्वी माणसं उभी राहायची तोच. कंपाउंडरकाका गुडघ्यांवर हात टेकून आकडा बघत होते.

"सहा किलो दोनशे. काल सहा सातशे होतं. पाणी द्यायला झालंय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिही."

मी आईने नेलेली शेकायची रबरी पिशवी परत द्यायला आले होते. पिशवी काकांनी काखेत धरली आणि माझ्या हातात पेन दिलं. ते पुढे अडीच महिने माझ्याच हातात राहिलं. मी नुकतीच साहित्यात एम. ए. झाले होते. मला दुसरं काही काम नव्हतं.

काका चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तळमजल्यावर दवाखाना, वर डॉक्टरांचं घर, आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत काका-काकू. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी दवाखाना बंद केला. मागे बाक राहिला, काटा राहिला, हिरवा पडदा राहिला, छापील केसपेपरांचे सात गठ्ठे राहिले. आणि काका राहिले.

"माणसं यायची बंद झाली," काकू म्हणाल्या, "म्हणून यांनी झाडं धरून आणली."

झाडं चोवीस होती. सगळी टोमॅटोची. मातीत नव्हती, कोकोपीटमध्ये होती. म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो विटेसारखा दाबून विकतात आणि पाण्यात टाकला की फुगतो. काकांनी पहिली वीट न्हाणीघरात, टबात भिजवली होती. किती फुगते हे पाकिटावर लिहिलं होतं, पण काकांनी फक्त डोस वाचला. काकूंना दोन दिवस अंघोळीला डॉक्टरांकडे वर जावं लागलं. "न्हाणीघरात हत्ती बसलाय," त्या सांगायच्या, "आणि हे म्हणतात थांब, अजून पाणी पितोय."

या भुशात झाडाला खायला काही नसतं. जे हवं ते पाण्यातून द्यावं लागतं. म्हणूनच काकांना तो आवडला. माती त्यांना आवडत नव्हती. "मातीत काय असतं कोणाला माहीत?" ते म्हणायचे. "घरगुती औषध ते. इथे सगळं आपल्या मापाने."

प्रत्येक झाडाचा केसपेपर होता. वर डॉक्टरांच्या दवाखान्याचं नाव. खाली नंबर, वय, तक्रार, निदान, औषध. सगळ्यात खाली सहीची रेघ. काकांना चाळिशीपासून बारीक दिसत नव्हतं, म्हणून लिहायला मी.

"तुझं अक्षर वाचता येतं," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "पेशंटचा विश्वास बसायला जड जाईल. पण चालेल."

"सही कोण करणार?" मी विचारलं.

"ती रेघ रिकामी ठेव. निदान मी करतोय हेच खूप झालं. सही डॉक्टर करतात."

"डॉक्टर येतात का इथे?"

"नाही."

सकाळी नऊ ते अकरा तपासणी. काका झाडासमोर स्टूल घेऊन बसायचे आणि पान उलटं करून बघायचे. त्याआधी म्हणायचे, "आ कर." ते सवयीने म्हणतात असं मला वाटलं होतं. एकदा त्यांनी ते न म्हणता पान उलटवलं आणि मग थांबून, पान परत सरळ करून, "आ कर" म्हणून पुन्हा उलटवलं.

पण त्यांना येत होतं. हे मला सांगायलाच हवं.

"पिवळं पान खाली आहे की वर, हे आधी बघायचं," त्यांनी मला शिकवलं. "काही द्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्याला देता येतात. मॅग्नेशियम तसलं. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं. घरात कमी पडलं की आईबाप जेवलो म्हणून सांगतात ना, तसं. म्हणून खालचं पान पिवळं पडतं. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात."

"आणि कॅल्शियम?"

"पेन्शनर. एकदा बसला की जागचा उठत नाही. कमी पडला तर जुन्या पानांना कळतसुद्धा नाही. नवे शेंडे वाकडे होतात. फळाचं बूड काळं पडतं."

"मग हे सगळ्यांचं असं का होतंय, काका?"

कारण तेव्हा चोवीसही झाडांना फळं लागली होती आणि प्रत्येक फळाचं बूड काळं होतं. वरून लालसर, गुळगुळीत, आणि खाली चपटा काळा चट्टा. तापलेल्या तव्यावर बसून उठल्यासारखा.

त्याच आठवड्यात डॉक्टर गच्चीवर आले. पुढे डॉक्टर, मागे त्यांच्या सूनबाई, मोजपट्टी घेऊन. सूनबाई बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायच्या. दिवाणखान्यात सहा जणी मावत होत्या आणि नाव घातलेल्या अकरा होत्या. बाकीच्या पाच स्वयंपाकघराच्या दारात हातपाय हलवायच्या. एकीच्या लाथेने फ्रिजचं दार पुरतं लागेनासं झालं होतं.

डॉक्टरांनी एक टोमॅटो डाव्या हातात घेऊन उलटा केला.

"कंपाउंडर, हे काय?"

काका उभे राहिले. दोन्ही हात मागे. "बूड काळं आहे, डॉक्टर."

"ते मला दिसतंय. कशाने?"

"निदान चालू आहे."

"निदान?" डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मी काहीच केलं नव्हतं. "अहो, निदान तुम्ही कशाला करता? तुम्ही बाटल्या भरा."

ते दुष्टपणे म्हणाले नाहीत. चाळीस वर्षं म्हणत होते तसंच म्हणाले. काकांचे कान मात्र लाल झाले. सूनबाई तोवर गच्चीची लांबी मोजून मोकळ्या झाल्या होत्या.

"बाबा, अकरा जणी आरामात मावतील. या पिशव्या हलवल्या तर."

डॉक्टरांनी विचार केला. मग बोट वर केलं. "दोन महिने. काळं बूड नसलेला एक टोमॅटो मला दाखवा, कंपाउंडर. एकच. नाहीतर गच्ची सूनबाईंची."

ते गेल्यावर काकांनी चोवीस केसपेपर जमिनीवर मांडले. खालची पानं पिवळी, शिरा हिरव्या. शेंडे वाकडे. बुडं काळी. ते अर्धा तास त्यांच्यामधून चालत होते. मग स्टुलावर बसले आणि कोणी ऐकेल या भीतीने हळूच म्हणाले, "लिही. निदान. कॅल्शियम कमी. सोबत मॅग्नेशियम कमी."

मी चोवीस वेळा लिहिलं.

"हा भुसाच लबाड आहे," ते म्हणाले. "झाडाला पाठवलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हा मधल्यामधे धरून ठेवतो. आपला वाटा काढल्याशिवाय पुढे सोडत नाही. आधी याचं पोट भरायला हवं होतं. मी लागवडीआधी तो नुसत्या पाण्याने धुतला. तिथे चुकलं."

निदान बरोबर होतं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं निदान, आणि बरोबर. पुढे जे झालं ते म्हणूनच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खतवाल्याकडून दोन पुड्या आणल्या. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. दवाखान्याची औषधाची खिडकी सहा वर्षांनी उघडली. काकांनी पांढरा कोट घातला. तो आता पोटावर बसत नव्हता, म्हणून बटणं न लावता. मग त्यांनी काचेची मोठी बाटली घेतली, दोन्ही पुड्या तिच्यात ओतल्या, गळ्यापर्यंत पाणी घातलं आणि बूच लावलं. पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, तिला कात्रीने खाचा पाडल्या, डिंकाने बाटलीला चिकटवली. एक खाच, एक डोस. मला त्या कात्रीचा हेवा वाटला. इतक्या सहज मी काहीच करत नाही.

"मिक्श्चर," ते म्हणाले.

बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसत होता.

"काका, खाली काहीतरी बसतंय."

"बसणारच. मिक्श्चर आहे. म्हणून तर लेबल असतं." त्यांनी मला लिहायला लावलं: देण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी.

त्यांनी ती हलवली. खांद्यापासून, डोळे मिटून. मग प्रत्येक झाडाला एक डोस. दिवसातून तीनदा, त्यातला दुपारचा जेवणानंतर. कोणाच्या जेवणानंतर हे मी विचारलं नाही. काका जेवून आले की द्यायचे.

आठवड्याने बुडं आणखी काळी झाली. काकांनी डोस दुप्पट केला. पंधरा दिवसांनी पानांच्या कडा जळायला लागल्या.

"गोड बोलून बघा," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं निम्मी माणसं तुमच्या बोलण्यानेच बरी व्हायची."

काका खरंच नंबर सातशी बोलले. मी तिथे होते. "घाबरायचं नाही," ते म्हणाले. नंबर सात घाबरल्यासारखं दिसत नव्हतं. काका दिसत होते.

शेवटी ते खतवाल्याला विचारून आले. त्याने सांगितलं, पिशवीच्या खालून जे पाणी निघतं ते तपासून घ्या, सगळा उलगडा होईल. त्यासाठी एक मीटर मिळतो, पेनएवढा. काकांनी मीटरचं पुढचं ऐकलंच नाही. ते घरी आले, औषधाच्या खिडकीतून सहा छोट्या बाटल्या काढल्या, उकळून घेतल्या आणि सहा झाडांच्या खाली धरल्या.

"लेबल लिही. पेशंट नंबर सात. वय तीन महिने."

"काका, हे कुठे न्यायचं?"

"लॅबमध्ये. आणखी कुठे नेतात?"

"पण हे पाणी आहे."

"एमए," काका शांतपणे म्हणाले, "पेशंटच्या खालून जे निघतं त्याला काय म्हणतात?"

मी बाटल्या घेऊन गेले.

दोन गल्ल्या पलीकडे लॅब होती. तिथल्या ताई काकांना वीस वर्षं ओळखत होत्या. दवाखान्याचे सगळे नमुने पूर्वी त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी लेबलं वाचली, "काकांनी परत सुरू केलं वाटतं," म्हणाल्या आणि बाटल्या आत नेल्या. मी खुलासा करायला तोंड उघडलं. मागे रांग होती. मी तोंड मिटलं.

दुपारी दवाखान्याचा जुना फोन वाजला. तो चालू आहे हे काकूंनाही माहीत नव्हतं.

"काका, नंबर सातचं बाळ कुठे आहे?" ताईंचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू येत होता. "साखर नाही, प्रोटीन नाही, पण रंग चहासारखा आहे! आणि स्फटिक आहेत! सुईसारखे, ढीगभर! तीन महिन्यांच्या बाळाला मुतखडा म्हणजे काय चेष्टा आहे का? आणि एकाला नाही, सहाही जणांना! आईवडील काय पाजतायत त्यांना?"

काकांनी रिसीव्हर छातीशी धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"मुतखडा," ते मला म्हणाले.

"काका, झाडाला—"

"सहाही जणांना."

ताई फोनवर बोलून थांबल्या नाहीत. दहा मिनिटांत स्कूटरवरून आल्या, पेशंट वर आहेत एवढं ऐकलं आणि हातात सलाइनची बाटली घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर पोचल्या. काका त्यांना नंबर सातकडे घेऊन गेले. ताई झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पिशवीवरचं लेबल वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. लेबलावरचं अक्षर माझं होतं.

"हे बाळ आहे?"

"भुशामुळे रंग तसा येतो," मी म्हणाले. "चहासारखा."

ताई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. त्या रडतायत की हसतायत हे त्यांनाही ठरवता येत नसावं. काकूंनी पाणी आणून दिलं.

"ताई," काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण खडे कशाने झाले?"

हा प्रश्न ऐकून त्या एकदम थांबल्या. कारण स्फटिक खरेच होते. त्यांनी ते स्वतः बघितले होते.

"काय पाजताय, दाखवा."

काकांनी दोन्ही पुड्यांची नावं सांगितली आणि बाटली आणली. हलवून दिली. ताईंनी ती उजेडात धरली, गाळ खाली बसेपर्यंत थांबल्या आणि गाळाचा एक थेंब घेऊन गेल्या. तासाभराने परत आल्या.

"तेच स्फटिक. काका, खडे पेशंटच्या पोटात झालेले नाहीत. तुमच्या बाटलीत झालेत."

"मिक्श्चरमध्ये गाळ असतोच."

"हा तो गाळ नाही. एका पुडीतलं कॅल्शियम आणि दुसरीतलं सल्फेट इतक्या कमी पाण्यात एकत्र आलं, की दोघं मिळून दगड होतात. जिप्सम. फळ्यावर लिहायच्या खडूत असतो तोच प्रकार. झाडाला तो लवकर पचत नाही. तीन आठवडे तुम्ही त्यांना खडू पाजताय. आणि उरलेल्या क्षारांनी पानं जाळताय."

"आम्ही हलवून देत होतो."

"हलवलेला खडू खडूच असतो, काका."

काकू पुढे झाल्या आणि ताईंच्या हातातून पेला घेतला.

"मग दोन वेगळ्या बाटल्या करा," त्या म्हणाल्या. "सासूसुनेला एका खोलीत कोंडल्यावर दुसरं काय होणार?"

"अगदी बरोबर, काकू. बादलीभर पाण्यात आधी एक घाला, ढवळा, मग दुसरी. मोकळ्या जागेत दोघी नीट राहतात. आणि आधी पेशंटला भरपूर पाणी पाजा. मुतखड्यावर दुसरं काय सांगणार मी?"

ताई गेल्या. काका खाली जाऊन औषधाच्या खिडकीत बसले आणि आतून झडप ओढली. मी बाहेर बाकावर बसले. चाळीस वर्षं त्यांनी सगळं एका बाटलीत घातलं होतं. तेवढंच त्यांचं होतं. बाकीचं सगळं डॉक्टरांचं.

बऱ्याच वेळाने झडप उघडली. खिडकीत दोन बाटल्या उभ्या होत्या. दोन्हींना कागदी पट्ट्या, दोन्हींना खाचा.

"लेबल लिही," काका म्हणाले. "एकीवर लिही, दुसरीपासून लांब ठेवावी. दुसरीवर लिही, पहिलीपासून लांब ठेवावी."

दुसऱ्या दिवसापासून उपचार बदलले. आधी दोन दिवस प्रत्येक पिशवीत इतकं पाणी, की खालून चहाचा रंग जाऊन साधं पाणी यायला लागलं. मग पहिल्या बाटलीतलं कॅल्शियमचं पाणी, भुशाचं पोट भरेपर्यंत. मग रोज दोन्ही, बादलीतून, खालून थोडं गळेल इतकं. दुपारचा डोस जेवणानंतरच राहिला. त्याला मी काही बोलले नाही.

काळं बूड पुन्हा चांगलं होत नाही. काकांनी सगळी जुनी फळं तोडली. एकोणचाळीस. मी केसपेपरवर लिहिलं. काकूंनी काळी बुडं कापून टाकली आणि टोपली स्वयंपाकघरात नेली. "वरचा अर्धा पेशंट ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

मुदतीला साडेपाच आठवडे उरले होते. नवे शेंडे सरळ आले. बारा दिवसांत फुलं दिसली, आणि वाऱ्याने अर्धी गळली. नंबर सातला एक फळ धरलं. बाकीच्यांची बोराएवढी होती, ती दाखवण्यात अर्थ नव्हता. काका नंबर सातच्या फळाला हात लावू देत नव्हते. त्याचं बूड ते घसा बघायच्या लहान आरशातून बघायचे. दिवसातून चार वेळा. एकदा आरशात काळा ठिपका दिसला आणि ते मटकन खाली बसले. ठिपका आरशावर होता.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर आले. सूनबाईंच्या हातात गुंडाळलेली चटई होती. लॅबच्या ताईही आल्या होत्या. पेशंट त्यांचाही होता.

टोमॅटो मुठीएवढा होता. आणि हिरवागार.

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून सूनबाईंकडे दिला. तो त्यांनी का आणला होता ते कोणी विचारलं नाही. ते वाकले. काकांनी आरसा पुढे केला. डॉक्टरांनी बघितलं. पुन्हा बघितलं.

"निदान कोणी केलं?"

"मी."

"औषध?"

मला वाटलं काका आता नुसतं 'बरोबर' म्हणतील. त्यांनी हात मागे घेतले.

"औषध बरोबर होतं, डॉक्टर. बाटली चुकली. चूक माझी. तीन आठवडे पेशंटला खडू पाजला."

"चाळीस वर्षांत तुम्ही मला कधी चूक सांगितली नाहीत, कंपाउंडर."

"चाळीस वर्षांत निदान माझं नव्हतं, डॉक्टर."

सूनबाई पुढे आल्या. "बाबा, पण टोमॅटो हिरवा आहे."

"मी बुडाचं बोललो होतो. रंगाचं नाही."

"मग माझ्या अकरा जणी?"

डॉक्टरांनी खाली बघितलं, जणू गच्चीतून तळमजला दिसतो. "दवाखान्याची खोली रिकामी आहे. बाक आणि पडदा काढला तर बाराही मावतील."

काकांची नजर जिन्याकडे गेली. त्या बाकाचा उजवा पाय हलतो, तो त्यांनी स्वतः तीनदा खिळला होता. सूनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. "काका, नको असेल तर—"

"न्या खोली," काका म्हणाले. "बाक वर आणून द्या. पेशंटच्या नातेवाइकांना बसायला काहीतरी लागतं."

"कोण नातेवाईक?" काकूंनी विचारलं.

काकांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा हात फिरवला.

"केसपेपर," डॉक्टर म्हणाले.

मी नंबर सातचा दिला. ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले आणि मध्येच थांबले. "अक्षर कोणाचं? वाचता येतंय." मग शेवटपर्यंत वाचलं. वजनं, पानं, खडे, सगळं. काका शेजारी उभे राहिले आणि कागदाखाली पुठ्ठा धरला. सहीच्या वेळी ते चाळीस वर्षं असाच धरायचे. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. थरथरणारा हात रेघेपर्यंत गेला. तिथे तो थांबला.

"ही माझी केस नाही," ते म्हणाले. पुठ्ठा काकांच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः धरला आणि पेन पुढे केलं.

काकांनी पेन घेतलं. रेघेकडे बघितलं. मग पेन खांद्यापासून, डोळे मिटून चांगलं हलवलं, आणि सही केली.